वाळवंटातील पदभ्रमंतीत ठरलेला वाटाड्या न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
साहस सहल विभाग, पुणे

महोदय,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझे यजमान आपल्यासोबत जैसलमेरला गेलो होतो. दोघांचे मिळून २९,००० रुपये डिसेंबरमध्येच भरले होते. ‘उंच धोऱ्यांवरून पायी, सोबत तिथलाच वाटाड्या’ असं आपल्या माहितीपत्रकात छापलेलं आहे; धोरे म्हणजे वाळूच्या टेकड्या. खुरी गावात पोहोचल्यावर लीडरने सांगितलं, “वाटाड्या ऑफिसने रद्द केला. काळजी करू नका, सह्याद्रीत माझे शंभरेक ट्रेक झालेत.”

लीडर मुलगा कष्टाळू आहे, माझा राग त्याच्यावर नाही. पण वाळूवर सह्याद्रीचा अनुभव पुरत नाही, हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं. आम्ही वीस वर्षं आतकरवाडीतून सिंहगड चढतोय. तिथे दगडावर पाय दिला की शरीर वर जातं. धोऱ्याला मात्र दोन बाजू असतात. वाऱ्याकडची बाजू दाबून घट्ट झालेली, चढ मंद. पलीकडे वाळू नुसती ओघळून साचलेली. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांच्या उतारावर कशीबशी टेकून असते, पाय पडला की घसरते. लीडरने आम्हाला समोर दिसणाऱ्या शिखराकडे सरळ, त्याच ढिल्या बाजूने चढवलं, एकामागून एक तीन धोरे. घोट्यापर्यंत पाय रुतत होते आणि पोटऱ्या भरून आल्या होत्या.

निघालो तेही नाश्ता वगैरे आटोपून, साडेनऊला. तिथे चालायचं ते उजाडताना, वाळू तापायच्या आत. माणशी पाणी एक लिटर. सावली नसलेल्या जागी दिवसभर चालणाऱ्याला चार लिटर तरी लागतं. साडेबाराच्या सुमारास यजमानांना उलटी झाली, पायांत गोळे आले, बोलणं अडखळू लागलं. ते ५८ वर्षांचे आहेत. प्रथमोपचाराच्या पेटीत बँडेज होतं, ओआरएसचं एकही पाकीट नव्हतं.

लांबून एका उंटवाल्याने आम्हाला पाहिलं. त्याने यजमानांना खेजडीच्या झाडाच्या सावलीत बसवलं, ओलं फडकं मानेवर ठेवलं, मीठसाखरेचं पाणी घोटघोट पाजलं. मग त्यांना उंटावर बसवून बाकीच्यांना धोऱ्यांच्या धारेधारेने, घट्ट वाळूवरून परत आणलं. आम्ही तीन तास झगडलो ते अंतर पाऊण तासात संपलं. असाच माणूस रोजाने सोबत द्यायचं आपण कबूल केलं होतं, आणि नेमके त्याचेच पैसे वाचवले.

पुण्याला परतल्यावर फोन केला तर उत्तर मिळालं, “रिस्क फॉर्मवर तुमची सही आहे.” आहे. ती सही वाळवंटाच्या धोक्यासाठी होती, वाटाड्यासह. आपण कबूल केलेली गोष्ट परस्पर काढून टाकावी, यासाठी नव्हती.

दोघांची पूर्ण रक्कम आणि जैसलमेरच्या दवाखान्याचा २,३०० रुपये खर्च पंधरा दिवसांत परत करावा. पुढच्या तुकड्या जाण्याआधी स्थानिक वाटाड्या, पहाटेची सुरुवात आणि पुरेसं पाणी या तिन्हींची लेखी हमी सर्वांना द्यावी. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. माहितीपत्रक, पावती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे