दुष्काळी कामाचा रस्ता, आयर्लंडच्या किनाऱ्यावर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

जूनच्या पहिल्या सोमवारी इथे सार्वजनिक सुट्टी असते. तिला जोडून रजा काढून आम्ही चौघे गाडीने आयर्लंडच्या पश्चिमेला, म्हणजे क्लेअर, गॉलवे आणि मेयो या तीन काउंट्यांत (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या), फिरून आलो. व्हिडिओ कॉलवर मुलांनी तुम्हाला समुद्र दाखवला, मेंढ्या दाखवल्या आणि आईने मुलांच्या कानटोप्यांची चौकशीही केली. पण जे मला तुम्हाला, त्यातही विशेषकरून बाबांना, सांगायचे आहे ते गडबडीच्या बोलण्यात सांगून होण्यासारखे नव्हते, म्हणून सवडीने पत्र लिहायला बसले आहे.

डब्लिन ते गॉलवे हा महामार्ग दोन-अडीच तासांचा आहे आणि वाटेत अॅथलोनला शॅनन नदी ओलांडली की आपण पश्चिमेत आलो असे इथले लोक मानतात. खरा प्रवास गॉलवेच्या पुढे सुरू होतो. तिथून पुढचे रस्ते इतके अरुंद आहेत की समोरून गाडी आली तर कोणीतरी एकाने कुंपणाला खेटून थांबावे लागते. काही वाटांच्या मधोमध तर गवताची पट्टी उगवलेली असते. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे तुमच्या जावयांना काही जड गेले नाही. वाट दिलेल्या माणसाला ओळख नसतानाही स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून दाखवायचे, अशी तिकडची रीत आहे. दुसऱ्या दिवसापासून मागच्या सीटवरून धाकटाही प्रत्येक गाडीला मनोभावे बोट दाखवू लागला.

गॉलवेच्या दक्षिणेला बरेन नावाचा प्रदेश आहे. तिथे नजर पोहोचेल तिथपर्यंत करड्या चुनखडीचा कातळ उघडा पडलेला आहे. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी साचून तयार झालेला हा खडक हिमयुगात बर्फाने घासून काढला आणि पुढे पावसाच्या पाण्याने त्यात खोल भेगा पाडल्या. एका भेगेशी मी गुडघे टेकून बराच वेळ पाहत बसले होते. वर वाऱ्याने उभे राहू देत नव्हते आणि आत मात्र नेच्याची कोवळी पाने अगदी स्थिर होती. शेजारच्या बोटभर मातीवर जेन्शनची शेवटची शेवटची निळी फुले होती. एरवी आल्प्ससारख्या थंड पर्वतांत वाढणारे हे फूल इथे समुद्राजवळ फुलते आणि त्याच खडकांत भूमध्य सागराकडची झाडेही नांदतात. बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट इथल्या गुराख्यांची आहे. सगळीकडे गुरे उन्हाळ्यात डोंगरावर नेतात आणि थंडीत खाली आणतात. बरेनमध्ये नेमके उलटे करतात. उन्हाळाभर तापलेला चुनखडक थंडीतही ऊब धरून ठेवतो आणि पाणी निचरून जाऊन पायाखालची जमीन कोरडी राहते, म्हणून गुरे हिवाळ्यात वर चढवतात. ती वाळके गवत खाऊन टाकतात आणि त्यामुळेच वसंतात फुलांना जागा मिळते. याच कातळावर पुल्नाब्रोन नावाचे, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे दगडी थडगे उभे आहे. उभ्या शिळांवर एक मोठी आडवी शिळा तोलून धरलेली आहे आणि उत्खननात तिच्याखाली तीसहून अधिक माणसांचे अवशेष सापडले होते.

मोहेरच्या कड्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. सर्वांत उंच जागी ते २१४ मीटर आहेत आणि कपारींत त्या दिवसांत पफिन पक्षी घरटी करून असतात. गर्दी मात्र पुष्कळ होती. आम्हाला पुढचा प्रवास अधिक भावला.

कॉनेमारा हा गॉलवेच्या पश्चिमेकडचा मुलूख आहे. डोंगर, तळी, पाणथळ माळ आणि या सगळ्यांत घुसलेला समुद्र, असे त्याचे रूप आहे. यातल्या बऱ्याच गावांत आयरिश भाषा बोलली जाते आणि रस्त्यावरच्या पाट्याही त्याच भाषेत असतात. माळावरची काळी दलदली माती, जिला पीट म्हणतात, ती लांबट वड्यांत कापून उन्हावाऱ्यात वाळवतात आणि चुलीत जाळतात; आई, उभ्या रचून ठेवलेल्या त्या वड्या पाहून तू परसात वाळत घातलेल्या शेणीच डोळ्यांपुढे आल्या. बाबांसाठी मुद्दाम एक ठिकाण पाहिले. ज्यांच्या नावाची रणजी स्पर्धा तुम्ही रेडिओला कान लावून ऐकत असायचा, त्या नवानगरच्या रणजितसिंहजींनी १९२४ साली इथला बॅलिनाहिंच किल्लेवजा वाडा विकत घेतला होता. मासे पकडण्याच्या नादाने ते उन्हाळ्यात इथे येऊन राहत. आता तिथे हॉटेल आहे. थोरलीला मी वाड्याच्या फाटकाशी उभी करून फोटो काढला, तो वेगळा पाठवते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येते.

कॉनेमाराच्या उत्तर टोकाला किलरी नावाची समुद्राची खाडी आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मधून सोळा किलोमीटर आत शिरलेले खोल पाणी. रॉसरो या छोट्याशा बंदरावरून खाडीच्या कडेकडेने एक हिरवी पायवाट जाते. वाट जेमतेम एक गाडी जाईल एवढी रुंद, वरच्या अंगाला डोंगर कापलेला आणि खालच्या अंगाला दगडावर दगड रचून भराव घातलेला. चुना नाही, सिमेंट नाही. त्या रचाईतला एक दगड मी हाताने हलवून पाहिला, तो तसूभरही हलला नाही. हा रस्ता १८४० च्या दशकातल्या दुष्काळात उपाशी माणसांनी बांधलेला आहे. आज त्यावरून डोंगर भटकणारे लोक आणि निळ्या-लाल रंगाचे पट्टे मारलेल्या मेंढ्या चालतात. वाटेत फोहेर नावाचे ओसाड गाव लागते. भिंती कंबरेइतक्या उरल्या आहेत, छपरे गेली आहेत, चुलवणाच्या जागी नेटल नावाचे खाजरे रोप वाढले आहे. समोरच्या डोंगरावर तिरपे ऊन पडले तेव्हा उतारावर समांतर रेघाच रेघा उमटल्या. ते बटाट्याचे जुने वाफे आहेत. सरी-वरंबा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, बाबा. शेवटची लावण होऊन पावणेदोनशे वर्षे होत आली तरी त्या जमिनीवरची आखणी पुसली गेलेली नाही.

१८४५ मध्ये इथल्या बटाट्यावर करपा पडला आणि तो पुढची काही वर्षे पडतच राहिला. चांगली जमीन जमीनदारांकडे आणि खंडाने कसणाऱ्या कुळाकडे डोंगरातला तुकडा, अशी परिस्थिती असल्यामुळे गरिबाच्या पोटाला बटाट्याशिवाय दुसरे काही नव्हते. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली आणि त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ८० लाखांहून अधिक असलेली वस्ती दहा वर्षांत ६५ लाखांवर आली, आणि प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड हे दोन्ही भाग धरून साऱ्या बेटाची लोकसंख्या आजही १८४१ एवढी झालेली नाही. आपण गाडीतून पाहत जातो आणि किती मोकळे, किती निवांत म्हणतो, त्या मोकळेपणाचे हे कारण आहे. त्याच वर्षांत या देशातून धान्य आणि गुरे बाहेर विकली जात होती, हे वाचून मला फार राग आला.

बाबा, त्या वाटेवर चालताना मला सारखी तुमच्या १९७२ च्या दुष्काळाची आठवण येत होती. तुम्ही आजोबांबरोबर खडी फोडायला जायचा, मुकादम मस्टरवर हजेरी घ्यायचा, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, मिळायचा आणि मुलांना सुकडी, हे सगळे मी तुमच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेले आहे. इथेही तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने अमेरिकेतून मका आणवला होता आणि तो कसा दळायचा, किती शिजवायचा हे लोकांना ठाऊक नसल्यामुळे तो खाऊन माणसे आजारी पडली. इथेही रस्त्यांची कामे काढली गेली आणि १८४७ च्या मार्चमध्ये त्यांवर सात लाखांहून अधिक माणसे होती. पण मजुरी एवढी थोडी आणि इतकी उशिरा मिळे की तिच्यात भाव चढलेले धान्य येत नसे, आणि अंगात त्राण नसलेली माणसे कामावरच कोसळत. मग ती कामेही बंद केली. त्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रांतून रोज तीस लाख लोकांना जेवण मिळू लागले, म्हणजे जगवणे अशक्य नव्हते. तरीही शरद ऋतूत ती अन्नछत्रे बंद करण्यात आली. आपल्याकडे १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती आणि पाऊस येईपर्यंत कामे चालू ठेवली गेली. तुम्ही नेहमी त्या कामांवरच्या उन्हाबद्दल आणि अपमानाबद्दल बोलता, आणि ते खरेच आहे, पण किलरीच्या वाटेवर उभी असताना मला प्रथमच कळले की कामे वेळेवर निघाली आणि मध्येच थांबली नाहीत म्हणूनच आपले घर शाबूत राहिले. थोरलीने तिथेच मला विचारले, “आजोबांनी बांधलेला रस्ता अजून आहे का?” मी सांगितले की आहे, डांबरी झाला आहे आणि त्यावरून रोज एसटी जाते.

किलरीला वळसा घालून मेयोत शिरले की डूलॉ नावाच्या तळ्याकाठून रस्ता जातो. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर आणि मध्ये काळसर पाणी. मार्च १८४९ मध्ये लुईसबर्ग गावात शेकडो भुकेली माणसे मदतीच्या यादीसाठी तपासणी व्हायची म्हणून जमली होती. अधिकारी तिथे थांबले नाहीत. ते डेल्फी लॉज या शिकारी बंगल्यावर मुक्कामाला गेले आणि या लोकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिथे हजर व्हावे असा निरोप ठेवला. सुमारे एकोणीस किलोमीटर डोंगरवाट, थंडी, पाऊस आणि अंगावर धड कपडा नाही. तिथे पोहोचूनही त्यांना काही मिळाले नाही आणि परतीच्या वाटेवर कितीतरी जण तळ्याकाठीच दगावले. त्या जागी आता एक साधा दगडी क्रूस आहे. जवळ जाऊन वाचले तर त्यावर गांधीजींचे वचन कोरलेले: आपल्यासारख्याच माणसांचा अपमान करण्यात माणसांना सन्मान वाटतो तरी कसा, अशा अर्थाचे. इतक्या दूरच्या, निर्मनुष्य खोऱ्यात ते नाव वाचून आम्ही चौघेही गप्प झालो. १८४५ साली संकट कळल्यावर बाहेरून निधी जमवायला सर्वांत आधी सुरुवात करणाऱ्यांत कलकत्ता होते, हे मला ठाऊक होते, पण ती गोष्ट मुलांना त्या दगडापाशी सांगता आली.

पुढे मरिस्क गावात क्रो पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा शंकूसारखा डोंगर आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात आणि काही जण अणकुचीदार दगडांवरून अनवाणी. आई, तुझी पंढरीची वाट किती वर्षे चालू आहे ते मी तिथल्या दुकानातल्या आजींना सांगितले, तेव्हा त्यांनी तुझ्यासाठी एक मेणबत्ती बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत. याच डोंगराच्या पायथ्याशी दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक आहे. ते ब्राँझचे जहाज आहे आणि त्याच्या शिडांच्या जागी माणसांचे सांगाडे आहेत. धाकट्याला तिथे फार वेळ थांबवले नाही.

आता तुमच्या येण्याबद्दल. पुढच्या मे महिन्यात तुम्ही दोघांनी यावे असे आम्ही ठरवले आहे. त्या दिवसांत रात्रीचे साडेनऊ वाजले तरी उजेड असतो आणि थंडी सोसवण्याजोगी असते. आईच्या गुडघ्यांना मोहेरला फार चालावे लागणार नाही आणि किलरीच्या वाटेचा सुरुवातीचा भाग बराचसा सपाट आहे, तेवढाच चालू. जेवणाची काळजी करू नये. गावोगावच्या खानावळीत भाज्यांचे गरम सूप आणि जाड गव्हाचा पाव मिळतो, आणि दशम्या व शेंगदाण्याची चटणी आपण बरोबर घेऊच. आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, तेव्हा बाबांनी दोघांच्या पासपोर्टची मुदत पाहून कळवावी. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्यावी.

आणि बाबा, तोवर एक काम करावे. १९७२ च्या कामांवरचे तुम्हाला जे जे आठवते, म्हणजे कोणता पाझर तलाव, कोणता रस्ता, मजुरी किती, कोण कोण बरोबर होते, ते एका वहीत लिहून ठेवावे. थोरलीला मराठी वाचता येते. तिला ती वही हवी आहे आणि मलाही.

काका-काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची लेक