निरोपाची बातमी आली, मनोगत मात्र वगळले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकात आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) फादरांच्या निरोप समारंभाची बातमी वाचली. व्यासपीठावर कोण कोण उपस्थित होते, शाल-श्रीफळ कोणाच्या हस्ते देण्यात आले, मुलींनी कोणते नृत्य सादर केले, हे सारे तपशीलवार आले आहे. फादरांच्या भाषणाबद्दल मात्र एवढेच आले आहे की, मनोगत लांबल्यामुळे कार्यक्रमास विलंब झाला. मी त्या मांडवात शेवटपर्यंत बसलो होतो, म्हणून हे पत्र लिहिणे मला भाग आहे.

मनोगत लांबले ते फादर वनदाव्यांची, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्कासाठी आदिवासी कुटुंबांनी वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांची, वही सोबत घेऊन उभे राहिले म्हणून. ज्या कुटुंबांचे दावे उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीकडे अजून अडकून पडले आहेत, त्या प्रत्येक कुटुंबाचे नाव, गाव आणि दावा कुठवर आला आहे, हे त्यांनी आमच्या मावची बोलीत वाचून दाखवले, आणि नाव येईल तसतसे ते ते कुटुंब उभे राहत गेले. वाचन संपल्यावर ती वही त्यांनी नव्या फादरांकडे सोपवली नाही. इतकी वर्षे या दाव्यांच्या तारखांना तालुक्याला जात आलेल्या धर्मग्रामातील दोन महिलांच्या हाती दिली, आणि कामाची माहिती नव्या फादरांनी या दोघींकडूनच घ्यावी, असे सर्वांसमक्ष सांगितले. त्यांची बदली रद्द व्हावी म्हणून महागुरुस्वामींना (बिशपांना) सह्यांचे निवेदन देण्याचे काहींच्या मनात होते, तेही त्यांनी तिथेच थांबवले. संपूर्ण समारंभात बातमी होती ती एवढीच, आणि तीच गाळली गेली.

या वहीचे मोल मी जाणतो. माझ्या वडिलांचा दावा ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारून नामंजूर करण्यात आला होता. नामंजुरीची प्रत आमच्या घरी आलीच नाही. चौकशीला गेलो तेव्हा संबंधित कार्यालयात वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या मागण्यात आल्या, आणि त्या तर जुने घर पावसात बसले तेव्हाच गेल्या होत्या. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांनुसार गावातील वयोवृद्धांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनुसार समितीला अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही, हे आम्हाला फादरांनी नियम समोर ठेवून समजावले. एका रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या ओट्यावर त्यांनी गावातील सर्वांत वृद्ध आजोबांचा जबाब लिहून घेतला. माझ्या आजोबांनी घातलेले बांध, दगडी विहीर, शेताच्या कडेची दफनभूमी, असे एकेक सांगून होई, तसे फादर लिहिलेले वाक्य परत मावचीत वाचून दाखवीत. मोहाचे झाड पूर्वेला नसून पश्चिमेला आहे, असे जबाब देणाऱ्या त्या वृद्ध आजोबांनी मध्येच दुरुस्त केले, तेव्हा खाडाखोड दाखवून कोणी जबाब फेटाळू नये म्हणून फादरांनी तो अख्खा कागद नव्याने लिहिला. नामंजुरीची प्रत मिळवून साठ दिवसांच्या मुदतीत अपील दाखल झाले आणि दावा मंजूर झाला. कायद्याप्रमाणे पट्टा (जमिनीचे हक्कपत्र) पती-पत्नी दोघांच्या नावे निघतो, त्यामुळे आज त्यावर माझ्या आईचेही नाव आहे. माझ्या आईचे नाव त्यापूर्वी जमिनीच्या कोणत्याही कागदावर नव्हते.

धर्मगुरूंनी प्रार्थनेपुरते राहावे, जमिनीच्या भानगडीत पडू नये, असे आपल्या भागात अनेक जण बोलतात. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या हक्कांविषयी परिपत्रक काढले आणि १९७१ साली रोम येथे भरलेल्या बिशपांच्या सभेने न्यायासाठी कृती करणे हा शुभवार्तेच्या घोषणेचाच भाग मानला. तेव्हा आमच्या फादरांनी चर्चला सोडून काही केले असे कोणी म्हणू नये. आणि खानदेशाला यात नवल वाटण्याचे कारणच काय? तळोद्याकडे गुलाम महाराजांनी आरतीला जमणाऱ्या आदिवासींना दारूपासून दूर केले, आणि शहाद्यात आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठी उभे राहिलेल्या अंबरसिंगांना लोक महाराजच म्हणत.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. नाताळच्या आठवड्यात आपल्याकडून गव्हाणीची व केकची छायाचित्रे आवर्जून मागवली जातात आणि ती आम्ही आनंदाने देतो. परंतु याच प्रलंबित दाव्यांविषयीचे निवेदन गेल्या पावसाळ्यात आपल्या तालुका वार्ताहरांच्या हाती प्रत्यक्ष दिले होते. त्याची एक ओळही अद्याप छापून आलेली नाही. हे निवेदन आपल्या कार्यालयात सापडत नसल्यास त्याची दुसरी प्रत या पत्रासोबत जोडली आहे. ती छापावी, आणि या कुटुंबांची पुढील सुनावणी होईल त्या दिवशी आपला वार्ताहर तिथे पाठवावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
ता. नवापूर, जि. नंदुरबार