'पोटात दुखतंय' म्हणणारा मुलगा आणि सहा तास

संपादक महोदय,

छातीत कळ आली किंवा तोंड वाकडं झालं, तर वेळ दवडायचा नाही, हे आता घरोघरी ठाऊक आहे. वर्तमानपत्रांचा त्यात मोठा वाटा आहे. वयात येणाऱ्या मुलांचंही असंच तासांवर मोजायचं एक दुखणं आहे, पण त्याचं नाव बहुतेक आईवडिलांच्या कानावरही आलेलं नसतं. ते म्हणजे वृषणाला पीळ पडणं.

धमनी, शिरा, नसा आणि शुक्रवाहिनी यांची मिळून एक दोरी बनते, तिला वृषण लटकलेलं असतं. एरवी ते मागच्या बाजूने कोशाला, म्हणजे ज्या कातडी पिशवीत ते असतं तिला, धरून असतं. काही मुलांत ही पकड जन्मतःच अपुरी राहते आणि वृषण घंटेतल्या लोलकासारखं मोकळं झुलतं. मग वर ओढणारा स्नायू जोरात आकसला की दोरीला वेढा बसतो, कधी एक, कधी दोन. त्यासाठी मार लागावाच लागतो असं नाही. पुष्कळदा मुलगा झोपेतूनच कळवळत उठतो. पिळाने आधी पातळ भिंतीच्या शिरा दबतात. रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही, वृषण फुगतं आणि शेवटी धमनीही बंद होते. सहा तासांच्या आत पीळ सुटला तर दहापैकी नऊ वृषणं वाचतात. बारा तासांनी निम्मी. चोवीस तास उलटले तर क्वचितच एखादं. हे तास कळ उठल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे.

तास जातात ते बोलण्याच्या संकोचात. मुलगा 'पोटात दुखतंय' म्हणतो, आणि त्यात खोटं काही नसतं. गर्भात वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि खाली उतरताना तिथल्या नसा सोबत घेऊन येतं, म्हणून कळ ओटीपोटात जाते. वर उलट्या होतात. घरचे पोटदुखीची गोळी देतात आणि कधी कधी डॉक्टरही पोट दाबून मोकळे होतात, चड्डी उतरवून कोणी पाहत नाही. पाहिलं तर दुखरं वृषण दुसऱ्यापेक्षा वर चढलेलं, आडवं झालेलं आणि हात लावू न देणारं दिसतं. मांडीच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं की निरोगी वृषण चटकन वर ओढलं जातं, पिळात सहसा हलत नाही. ही तपासणी डॉक्टरांची, पण त्यासाठी मुलाला वेळेत तिथे न्यायला हवं.

'इन्फेक्शन असेल' म्हणून अँटिबायोटिक देऊन दोन दिवसांनी बोलावणं ही यातली सर्वांत महाग चूक. संसर्गात दुखणं बहुधा हळूहळू वाढतं, लघवीला जळजळ असते, ताप असतो. पिळात एका क्षणी सुरू होतं. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीची मदत होते, मात्र अर्धवट पिळात रक्तप्रवाह दिसूही शकतो. लक्षणं स्पष्ट असतील तर रिपोर्टसाठी ऑपरेशन अडवू नये.

ऑपरेशनमध्ये कोशाला छोटी चीर देऊन पीळ उलगडतात, वृषण कोमट ओल्या गॉझमध्ये गुंडाळून काही मिनिटं थांबतात. काळंनिळं पडलेलं वृषण गुलाबी होऊ लागलं तर ते आतल्या बाजूला दोन-तीन टाक्यांनी बसवतात. काळंच राहिलं तर काढावं लागतं. त्याच वेळी दुसरी बाजूही टाके घालून बसवतात. 'चांगल्या बाजूला हात का लावता?' असं पालक विचारतात. जन्मजात सैलपणा बहुधा दोन्हीकडे असतो, म्हणून. एक निरोगी वृषण उरलं तरी मूल होण्याला आणि संप्रेरकांना सहसा बाधा येत नाही, हेही पालकांना सांगायला हवं.

घरी करायचं थोडंच आहे. कळ उठल्याची वेळ लिहून ठेवा. भूल द्यावी लागेल, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका. चोळू नका, शेकू नका. शल्यचिकित्सक असेल अशा रुग्णालयात थेट न्या, रात्र असली तरी.

आपल्या आरोग्य पुरवणीला एक कळकळीची विनंती. 'नाजूक जागा', 'गुप्तांग' असे शब्द टाळून 'वृषण' असंच छापा. ज्या अवयवाचं नाव घरात कोणी घेत नाही, त्याचं दुखणं दहा-बारा वर्षांचं पोर सांगणार कसं? आणि एक गोष्ट आवर्जून छापा: एकदम कळ येऊन आपोआप थांबते असं ज्या मुलाला अधूनमधून होतं, त्याला दुखत नसतानाच डॉक्टरांकडे न्यावं. पीळ बसून स्वतःच सुटत असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी निवांतपणे टाके घालून वृषण वाचवता येतं.

कळावे.
एक शल्यचिकित्सक