स्टेशन इनमध्ये शेजारी बसलेल्या काकांना

प्रिय काका,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टेशन इनमध्ये, तुमच्या त्या ब्लूग्रास संगीताच्या अड्ड्यावर, नंबराच्या खुर्च्या नसतात, आधी येईल तो बसेल. आम्ही मायलेकी पोचलो तेव्हा भिंतीला टेकून उभं राहायचीही पंचाईत होती. तुम्ही लांबून हात केलात, दोन खुर्च्यांवर पसरलेलं सामान मांडीवर घेतलंत आणि आम्हाला बसवलंत. त्याबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र त्या बसण्यानंतरच्या संध्याकाळीबद्दल आहे.

त्या दुपारी आम्ही रायमन सभागृह पाहून आलो होतो. 1945च्या डिसेंबरात तिथल्या मंचावर 21 वर्षांचा अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉईज'बरोबर बँजो घेऊन उभा राहिला, आणि बँजो, मँडोलिन, फिडलच्या या ब्लूग्रास संगीताचा जन्म लोक तिथून मोजतात. मन्रो केंटकीचा, म्हणून त्या राज्याच्या 'ब्लूग्रास स्टेट' या टोपणनावावरून बँडचं नाव. एवढी माहिती पदरात होती. ऐकायचं कसं, ते मात्र तुम्ही शिकवलंत.

पाच वादक, मधोमध एकच माइक, आणि ड्रम नाही. मी ताल शोधत होते. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "मँडोलिनवाल्याचा उजवा हात बघ." बघितला. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्या. तारा छेडल्याबरोबर डावी बोटं सैल, म्हणजे सूर उमटायच्या आत दाबला जातो आणि उरतो फक्त 'चक्'. ड्रमचं काम तोच हात करतो! आमचा जीव समेवर. इथे सगळी गंमत समेच्या पुढच्या मात्रेवर. तुमचा बूट जमिनीवर पडेल तसा मी हात मांडीवर टाकत गेले आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत अंगात भिनलं.

मग माइकपाशी चाललेली ये-जा दिसायला लागली. ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे अर्धं पाऊल मागे. फिडलवाली, म्हणजे व्हायोलिनवाली, पुढे सरकताना गिटारवाल्याने मान अशी काही वळवली की गज त्याच्या टोपीला चाटून गेला, लागला नाही. आवाज कमी-जास्त करायला बटण नको, पाय पुरतात. आणि प्रत्येकाची पाळी संपली की गाणं चालू असतानाच टाळ्या. माझ्या तोंडून "क्या बात है" निघालं तेव्हा तुम्ही अर्थ विचारला नाहीत, नुसती मान डोलावलीत.

मध्यंतरात तुम्ही आम्हाला मंचाशी नेलंत, तेही आठवणीत राहील. बँजोवाला तारा लावत होता. अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी, दोन बोटांत धातूची. पाचव्या तारेची खुंटी टोकाला नाही, दांडीच्या मध्येच. तार आखूड, सूर उंच, आणि अंगठा तिला मधूनमधून छेडत राहतो. मी लहानपणी सतार शिकलेली, त्यामुळे चिकारी, म्हणजे सतारीची मधूनमधून छेडायची उंच सुराची तार, आठवल्याशिवाय राहील कशी? तुम्हाला हवेत बोटं फिरवून दाखवली, तुम्हाला पटली.

एक तक्रारही करून घेते. एवढ्या नाचऱ्या चालीत इतकी माणसं मरतात कशी हो तुमच्याकडे? कुणाची आई जाते, कुणी खाणीत, कुणाची प्रेयसी नदीत. लेक माझी शब्द ऐकून हबकली होती आणि पाय मात्र थांबत नव्हता तिचा.

आम्ही मुंबईच्या बाजूच्या, हे कळताच तुम्ही झाकीर हुसेनांचं नाव घेतलंत. तुम्हाला ते बेला फ्लेकच्या बँजोमुळे माहीत. फ्लेक, बासवाला एडगर मायर, बासरीवाले राकेश चौरसिया आणि तबल्यावर झाकीरभाई यांनी मिळून 2024मध्ये ग्रॅमी घेतलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. आपण दोघंही जरा वेळ गप्प झालो. परक्या गावात आपल्या माणसाबद्दल असं कुणी हळहळलं की परकेपण उरत नाही, काका.

आता माझं एक ऐका. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व असतो. या. तिकिटं माझ्याकडे लागली. भारतीय बैठकीत गुडघे कुरकुरणार असतील तर आधी सांगा, खुर्चीचं काढते. वडापाव बाहेर मिळतो.

तुमची,
शेजारच्या खुर्चीतली