आम्हाला एका टेबलाशी बसवा: खासदार श्री ठाणेदार यांना खुलं पत्र

मा. खासदार श्री ठाणेदार यांस,
सविनय नमस्कार.

मी तुमच्या मतदारसंघात राहत नाही. डेट्रॉइटच्या बाहेर, नोव्हायच्या बाजूला राहतो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. एच-१बी, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे मला मत नाही, म्हणजे मी कुणाचाच मतदार नाही. तरी हे पत्र तुम्हाला आणि मराठीतून लिहितोय, कारण बेळगावात वाढून अमेरिकेच्या संसदेत पोचलेला माणूस आमचं म्हणणं आमच्याच भाषेत वाचू शकतो.

आमची मुलगी पाच वर्षांची असताना इथे आली. गेल्या वर्षी तिला एकवीस वर्षं पूर्ण झाली. बायकोनं सकाळी औक्षण केलं, आणि संध्याकाळी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर तिची फाइल उघडून बसलो. एकवीस पूर्ण झाली की एच-४, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या मुलांना मिळणारा व्हिसा, संपतो. बालवाडीपासून मिशिगनच्या शाळेत शिकलेली पोर आता कागदोपत्री परदेशी विद्यार्थिनी आहे, एफ-१ वर. ग्रीन कार्डाच्या रांगेतली आमची तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, २०१४ ची. कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली ते सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं. तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी वर्षभर मागे जाते.

रांग अशी का तुंबली, हे तुम्हाला ठाऊक आहे. १९९० च्या कायद्यानं नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठरवली. बायकामुलंही त्यातच मोजायची, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. त्या कायद्यावर थोरल्या बुशसाहेबांनी सही केली, दोन्ही पक्षांनी तो मिळून केला होता. त्यानंतर हे आकडे कुणी हलवलेले नाहीत.

आम्ही प्रयत्न केला नाही असं नाही. देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये तुमच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. त्या रात्री आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत होते. सिनेटनं २ डिसेंबर २०२० ला त्याचं वेगळं रूप मंजूर केलं, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि मुदत संपली. मधल्या दीड वर्षात इराणी समाजातल्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या, परदेशी नर्सेसचं काय, हा प्रश्न निघाला. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं काय चुकलं? एकूण कार्डं तेवढीच ठेवून आम्ही फक्त रांगेचा क्रम बदला म्हणत होतो. आम्ही पुढे सरकलो असतो, ते मागे गेले असते. त्यांच्याशी आधी बोलायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही.

दुसरी चूक याहून मोठी. "आम्ही कायदेशीर, ते बेकायदा" हे वाक्य आमच्या लोकांच्या तोंडी बसलंय. मीही ते म्हटलंय.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही ग्रँड रॅपिड्सजवळच्या रिजवर, म्हणजे तिथल्या फळबागांच्या पट्ट्यात, सफरचंदं तोडायला गेलो होतो. मालक साठीचा, दारात रिपब्लिकन उमेदवाराची पाटी. त्याच्याकडे मेक्सिकोहून हंगामापुरते, एच-२ए वर आलेले कामगार होते. छातीवर कॅनव्हासची झोळी बांधून शिडीवर चढायचे, आणि फळाला डाग पडू नये म्हणून झोळीचं तोंड पेटीच्या तळाशी नेऊन मग हळूच सोडायचे. त्यांचा मुकादम मात्र वीस वर्षं इथेच होता, कागदांशिवाय. मालक मला म्हणाला, "उद्या याला उचललं तर माझी फळं झाडावरच राहतील." शेजारच्या गोठेवाल्याची अडचण त्याहून अवघड. एच-२ए हंगामी कामालाच मिळतो, आणि गाईंना दूध काढायला हंगाम नसतो.

त्या मालकाला मत आहे. त्याच्या खासदाराच्या कचेरीत त्याचा फोन उचलतात. माझा कुणी का उचलावा?

साहेब, माझं सगळं म्हणणं इथे आहे. या प्रश्नात ज्यांना झळ बसते त्यांच्याकडे मत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे मत आहे, तेही दोन्ही पक्षांचं, अशांना बरोबर घेतल्याशिवाय आमचं काहीही होणार नाही. २०१३ मध्ये चेंबर ऑफ कॉमर्स आणि एएफएल-सीआयओ, म्हणजे मालक आणि कामगार, परदेशी कामगारांच्या व्हिसावर एकत्र आले. सिनेटनं ६८-३२ नं मोठं विधेयक पास केलं, चौदा रिपब्लिकन त्यात होते. तुमच्या सभागृहात ते मतदानालाच आलं नाही. माझ्या मते ती एकजूट वॉशिंग्टनमध्ये होती, गावोगावी पोचलेली नव्हती. सफरचंदवाल्यानं आपल्या खासदाराला गाठून "हे माझं काम आहे" म्हणायला हवं होतं.

तुम्हाला हे नवं नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीत डांगे आणि एस. एम. जोशी एका व्यासपीठावर आले, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन बरोबर होते. एरवी त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण मागणी एक होती. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि बेळगाव बाहेर राहिलं. तडजोडीत बाहेर राहिलेल्याला काय वाटतं, हे बेळगावच्या माणसाला मी काय सांगणार? २०१२ मध्ये डाका (DACA), म्हणजे लहानपणी इथे आलेल्या, कागद नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून संरक्षण देणारं धोरण आलं, तेव्हा माझ्या मुलीसारखी मुलं बाहेर राहिली, कारण त्यांच्याकडे वैध व्हिसा होता. उद्या आमची रांग तेवढी सुटली तर तो मुकादम बाहेर राहील. मला तेही नको आहे.

डिग्निटी अ‍ॅक्ट हे विधेयक फ्लोरिडाच्या रिपब्लिकन सालाझार आणि टेक्ससच्या डेमोक्रॅट एस्कोबार यांनी मिळून मांडलं. देशनिहाय मर्यादा १५ टक्के करणं आणि वर्षानुवर्षं कागदांशिवाय राबणाऱ्यांना वाट देणं, दोन्ही त्यात आहे. त्यात सगळं मनासारखं नाही, पण बोलणी सुरू करायला ते पुरेसं आहे.

तुमच्याकडे एकच मागणी. डेट्रॉइटमध्ये एक बैठक बोलवा, आणि पश्चिम मिशिगनच्या एखाद्या रिपब्लिकन खासदाराला शेजारच्या खुर्चीवर बसवा. बागायतदार, गोठेवाले, वाहन कामगारांची युनियन, इराकी कॅल्डियन ख्रिस्ती, हॅमट्रॅमॅकचे बांगलादेशी, मेक्सिकन चर्चवाले, इराणी डॉक्टर, फिलिपिनो नर्सेस आणि आम्ही मराठी मंडळी, सगळ्यांना बोलवा. पहिल्या दिवशी भांडणं होतील, ती होऊ द्या. प्रत्येकानं आपण काय सोडायला तयार आहोत ते सांगावं. आमच्या बाजूनं मी सांगतो: एकूण संख्या वाढवून मागू, दुसऱ्याला मागे ढकलून पुढे जाणार नाही.

सफरचंदवाल्याशी मी बोललोय. नोव्हेंबरात तोडणी संपली की तो यायला तयार आहे, फक्त तारीख आधी कळवा म्हणाला.

आपला,
नोव्हायचा एक मराठी रहिवासी