ब्लॉकचेन नको, आधी महापालिकेला मतचिठ्ठी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेचे मतदान मोबाईलवर आणा, ब्लॉकचेन असली की घोळ होणारच नाही, अशी सूचना ठाणे-नवी मुंबईत हल्ली वरचेवर ऐकू येते. सूचनेमागची तळमळ खरी आहे, उपाय मात्र चुकीच्या जागी लागतो.

ब्लॉकचेन म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यांची साखळी. तिच्यातल्या प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या गठ्ठ्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा ठसा, असतो. जुनी नोंद बदलली की पुढचा हिशेब जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. पण ही राखण नोंद झाल्यानंतरची. मोबाईलमधल्या व्हायरसने पडद्यावर एक चिन्ह दाखवून मत दुसऱ्यालाच पाठवले, तर साखळी ते खोटे मतही तितक्याच इमानाने जपते. शिवाय सगळे सर्व्हर एकाच यंत्रणेच्या ताब्यात असले, तर हॅश नव्याने काढून अख्खी साखळी पुन्हा उभी करता येते. मॉस्कोत २०१९ साली ब्लॉकचेनवरच्या मतदानाची चाचणी चालू असताना फ्रेंच संशोधक पिएरिक गोद्री यांनी मते कुलूपबंद करणारी गुप्त चावी साध्या संगणकावर सुमारे २० मिनिटांत शोधून दाखवली. चावी २५६ बिटांहूनही लहान, म्हणजे या कामासाठी फारच तोकडी होती. साखळीला धक्काही लागला नव्हता.

गुप्ततेचे काय? जून २०२५ मध्ये बिहारच्या नगरपालिका निवडणुकांत मोबाईलवरून मतदान झाले, त्यातही ब्लॉकचेन होती, पण मत देताना शेजारी कोण उभे आहे हे तिला कळत नाही. मतदान केंद्रावर पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार एकटा असतो. वन-रूम-किचनच्या घरात तो आडोसा कुठून आणणार? एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होते, पण तिथे मत पुन्हा देता येते आणि शेवटचेच धरतात. दबावावर त्यांनी काढलेला हा तोडगा ब्लॉकचेनशिवायचा आहे.

आपल्याकडची खरी उणीव वेगळी आहे. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटची, म्हणजे दिलेले मत कागदावर छापणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून मतांशी ताडून पाहतात. महापालिकेला व्हीव्हीपॅटच नाही. प्रभाग बहुसदस्यीय, एका मतदाराची चार-चार मते, त्यासाठी तसे यंत्र उपलब्ध नाही, हे कारण सांगितले जाते. मग वाद झाला तर मोजायला कागद कुठला? यंत्र नसेल तर ते बनवून घ्यावे, ही राज्य निवडणूक आयोगाला कळकळीची विनंती आहे.

हॅश वापरायचाच असेल तर मतदार यादीसाठी वापरा. प्रत्येक प्रभागाच्या अंतिम यादीच्या फाईलचा एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीने काढलेला हॅश, म्हणजे अवघी ६४ अक्षरे, वर्तमानपत्रात छापावा. नंतर एक नाव गाळले, नव्हे एक स्वल्पविराम हलवला, तरी तो जुळणार नाही आणि हे कोणीही घरच्या संगणकावर ताडून पाहू शकेल. एक पथ्य मात्र पाळावे लागेल. काहीही न बदलता पीडीएफ नुसती पुन्हा सेव्ह केली तरी बहुतेकदा हॅश बदलतो आणि उगाच संशय उठतो. म्हणून संकेतस्थळावर चढवलेली फाईल आहे तशीच ठेवावी, दुरुस्त्यांची पुरवणी यादी वेगळी काढावी आणि तिचा हॅशही वेगळा छापावा.

– माहिती सुरक्षा क्षेत्रातील काही अभियंते, ऐरोली, नवी मुंबई