हर्णैला जाऊ, पण होडी थांबवून बघू

सदाशिव पेठ, पुणे
१२ नोव्हेंबर

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार. ‘जानेवारीत येते आहे, या वेळी डॉल्फिन दाखवच’ असं लिहिलंयस. दाखवीन की! पण ते कसे बघायचे, यावर आधीच बोलायचंय, कारण या विषयात माझा जीव गुंतलाय.

स्वारगेटहून दापोलीची एसटी, तिथून हर्णै. होडीत सकाळी लवकर बसायचं. तेव्हा वारा पडलेला असतो आणि सपाट पाण्यावर पाठीचा पर लांबूनही कळतो. वारा उठला की प्रत्येक लाट डॉल्फिनच वाटते. आपल्या किनाऱ्याला मुख्यतः दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन. रंग करडा, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. मोठ्या उड्यांची अपेक्षा ठेवू नकोस. तो पाठ वर काढतो, श्वास घेतो आणि जातो. त्याचं आयुष्य किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच जातं. म्हणून तर तो आपल्याला छोट्या होडीतून दिसतो, आणि म्हणूनच जाळी, इंजिनं, शहरांचं सांडपाणी सगळं त्याच्याच वाट्याला येतं. आज ही जात संकटग्रस्त आहे.

एक पाठ दिसली की चारी बाजूंनी होड्या तिच्यावर धावतात, ते मला बघवत नाही. हा प्राणी गढूळ पाण्यात स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर मासे शोधतो. एकमेकांशी बोलणंही आवाजातूनच. त्यात आपण इंजिनांचा गोंगाट ओततो! म्हणून जेट्टीवरच तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, ठरवू: पाठलाग करायचा नाही, लांब थांबून इंजिन बंद ठेवायचं. त्याचा वेळ जाईल, तर दोन पैसे जास्त देऊ. थांबलेल्या होडीजवळ कळप कधी कधी आपणहून येतो आणि मग त्यांच्या श्वासाचा फुस्स आवाज ऐकू येतो. तो तुला ऐकवायचाय. फोटो नाही मिळाला तरी चालेल.

दुर्बीण मात्र आण, कारण डॉल्फिन आले नाहीत तरी पक्षी असतातच. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात जे कुरव येतात ना, पांढरं डोकं आणि कानामागे काळा ठिपका असलेले, ते हर्णैच्या बंदरावरही घिरट्या घालतात. उन्हाळ्यात यांचं डोकं तपकिरी होतं आणि घरटी असतात लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी. त्यांना शेव-फरसाण टाकणारे भेटतील, आपण टाकायचं नाही. सुरय पक्षी एकाच जागी भराभर सूर मारू लागले, तर खाली माशांचा थवा आहे असं समज. तिथेच डॉल्फिन वर येण्याचा संभव जास्त. समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसला, तर मी आनंदाने ओरडेन, सांगून ठेवते.

देवमासा बहुधा दिसणार नाही, तो सहसा खोल पाण्यात असतो. पण लुबानची गोष्ट तुला माहीत हवीच. ही हम्पबॅक देवमाशाची मादी. २०१७च्या नोव्हेंबरात ओमानच्या मसिराच्या आखातात तिच्या अंगावर सॅटेलाइट टॅग लावला आणि ती सरळ अरबी समुद्र ओलांडून, सुमारे १५०० किलोमीटर पोहून, गोव्यासमोर आली! तिथून ती दक्षिणेकडे वळली. जगातले बाकीचे हम्पबॅक देवमासे खाण्यासाठी ध्रुवांकडच्या थंड पाण्यात जातात. अरबी समुद्रातले वर्षभर इथेच राहतात, कारण नैर्ऋत्य मोसमी वारा ओमानच्या किनाऱ्याशी खालचं थंड, सकस पाणी वर आणतो आणि त्यावर मासे पोसले जातात. म्हणजे आपलं खडकवासला भरणारा वाराच त्यांचंही ताट वाढतो. ओमानजवळ आता शंभरसुद्धा उरले नसावेत, असा अंदाज आहे. हे वाचल्यापासून कुठल्याही किनाऱ्यावर उभी राहिले, की माझी नजर पार क्षितिजापर्यंत जाते.

बाकी तयारीचं थोडक्यात. टोपी आण, आणि उलटीची गोळी होडीत बसायच्या अर्धा तास आधी घे. लाइफ जॅकेटशिवाय बसायचं नाही, कितीही उकडलं तरी. परतीचं तिकीट मात्र घाईने काढू नकोस. वारा सुटला तर होड्या निघत नाहीत, आणि मग एक दिवस जास्त राहावं लागेल. तेवढ्यात हर्णैचा माशांचा लिलावही बघून होईल.

तारखा लगेच कळव, म्हणजे राहायची सोय सांगून ठेवते. काकूंना नमस्कार.

तुझी,
मृणाल